१००० अँपिअरचा तांब्याचा बसबार: करंट, तापमान आणि प्रसरण यांचं एकत्र सिम्युलेशन

दोन आधारांमध्ये आवळलेल्या तांब्याच्या पट्टीतून मोठा करंट गेला की ती तापते, तापली की लांब होते आणि लांब व्हायला जागा नसेल तर आधारांना ढकलते किंवा मधेच बाक काढते. विद्युत, उष्णता आणि यांत्रिकी अशी ही तीन गणितं एकामागून एक चालतात आणि त्यातली दोन एकमेकांत गुंतलेली असतात. आजची सॉफ्टवेअर तिन्ही सोडवतात. पण रंगीत चित्र छान आलं आणि उत्तर साफ चुकलं, असं याच प्रकारच्या मॉडेलमध्ये सर्वांत जास्त घडतं. कारण बहुतेक वेळा मेशमध्ये, म्हणजे आकाराचे लहान तुकडे पाडणाऱ्या जाळीत, नसतं. टोकं कशी धरली आणि कुठलं तापमान कुठे लिहिलं, यात असतं. म्हणून इथे एकच बसबार, म्हणजे मोठा करंट वाहून नेणारी पट्टी, घेऊ, आधी कागदावर सोडवू आणि मग मॉडेलची प्रत्येक पायरी त्या आकड्यांशी ताडून पाहू.

बार असा: ५० × १० मिमी तांब्याची पट्टी, दोन आधारांमध्ये १ मीटर, करंट १००० अँपिअर डीसी. प्लेटिंगच्या रेक्टिफायरपासून (एसीचा डीसी करणाऱ्या उपकरणापासून) किंवा बॅटरी बँकेपासून निघणारा बार साधारण असाच असतो. डीसी मुद्दाम घेतला आहे. एसीमध्ये काय बदलतं ते पुढे येईल. पट्टी उभ्या कडेवर बसवली आहे, म्हणजे ५० मिमीची बाजू उभी.

आधी कागदावर

तांब्याची रोधकता २० अंश सेल्सिअसला ०.०१७२४ ओहम-चौरस मिमी प्रति मीटर. क्षेत्रफळ ५०० चौरस मिमी, म्हणून एका मीटरचा रोध ३४.५ मायक्रोओहम. १००० अँपिअरला उष्णता ३४.५ वॅट प्रति मीटर. पण हा थंड बारचा आकडा झाला. रोध दर अंशाला ०.३९३ टक्के वाढतो, त्यामुळे बार जितका तापेल तितकी उष्णताही वाढते.

उष्णता बाहेर जाते ती पृष्ठभागावरून. परिमिती १२० मिमी, म्हणजे दर मीटरला ०.१२ चौरस मीटर. चकचकीत तांबं मोकळ्या हवेत असेल तर संवहन साधारण ७.४ आणि प्रारण जेमतेम अर्धा-पाऊण, मिळून ८ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन धरू. याचा अर्थ दर मीटरला, दर अंशाला ०.९६ वॅट बाहेर. भोवतालची हवा ३५ अंश.

वाढलेला रोध धरून समतोल मांडला की हवेपेक्षा वाढ येते ४४.३ अंश, म्हणजे बार ७९.३ अंशांवर स्थिरावतो. त्या तापमानाला उष्णता ४२.५ वॅट आणि एका मीटरवरचा व्होल्टेज ड्रॉप ४२.५ मिलिव्होल्ट. रोध २० अंशांचाच धरून चाललो असतो तर उत्तर ७०.९ आलं असतं. विद्युत आणि उष्णता यांची सांगड दोन्ही बाजूंनी घालावी लागते, ती या साडेआठ अंशांसाठी.

मॉडेलमध्ये ही सांगड फेऱ्यांनी सुटते. सुरुवातीचं तापमान ३५ दिलं, तर फेऱ्यांगणिक ७३.०, ७८.४, ७९.२, ७९.३ असे आकडे यायला हवेत. पहिल्याच फेरीत सोल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, थांबला तर ७३ हेच अंतिम उत्तर म्हणून समोर येतं आणि ते पाहून कुणाला शंका येत नाही. एल्मर या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टेडी स्टेट मॅक्स इटरेशन्स’ (फेऱ्यांची कमाल संख्या) १ वर राहून गेलं की हेच होतं. तिथे निदान १० द्या.

प्रसरणासाठी बार कोणत्या तापमानाला आवळला, ते महत्त्वाचं. २५ धरू. फरक ५४.३ अंश. तांब्याचा प्रसरणांक दर अंशाला मीटरमागे १७ मायक्रोमीटर, म्हणून मोकळं प्रसरण ०.९२ मिमी. हा आकडा किरकोळ वाटतो, पण पुढे सगळं याच्यावरच ठरणार आहे.

तीन तापमानं वेगळी ठेवा

या मॉडेलमध्ये तीन संदर्भ तापमानं येतात आणि ती सर्रास एकमेकांत मिसळली जातात. रोधकता मोजलेलं तापमान २०. भोवतालच्या हवेचं ३५. जोडणी केली तेव्हाचं, म्हणजे स्ट्रेस (पट्टीतला ताण) शून्य असलेलं, २५. तिन्ही फाइलीत वेगवेगळ्या ठिकाणी लिहायची असतात: पहिलं मटेरियलच्या सूत्रात, दुसरं पृष्ठभागाच्या अटीत, तिसरं ‘रेफरन्स टेम्परेचर’मध्ये.

भोवतालची हवा म्हणजे खोलीतली नव्हे, बारला लागून असलेली. बंद पॅनेलच्या आत ती खोलीपेक्षा बरीच गरम असते. आणि नागपूरला मे महिन्यात बाहेरचंच तापमान ४५ च्या पुढे जातं. तिथल्या शेडसाठी ३५ धरलेलं मॉडेल निरुपयोगी आहे.

सगळं केल्विनमध्ये लिहा: २९३.१५, ३०८.१५, २९८.१५. प्रारण धरायचं असेल तर दुसरा पर्यायच नाही, कारण ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर चालतं. इथे एक हमखास चूक होते. तापमान केल्विनमध्ये असताना रोधकतेच्या सूत्रात २९३.१५ ऐवजी २० वजा केले जातात. मग ३५ अंशांनाच रोध १.०६ पट व्हायचा तो २.१३ पट होतो. उष्णता पहिल्या फेरीपासून दुप्पट दिसली, तर आधी हे सूत्र तपासा.

मॉडेल उभं करणं

विनामूल्य साधनांत हे काम नीट होतं. आकार फ्रीकॅडमध्ये, मेश जीमेशमध्ये, विद्युत आणि उष्णता एल्मरमध्ये, बाक येण्याचं गणित कॅल्क्युलिक्समध्ये, चित्रं पॅराव्ह्यूमध्ये. एल्मर हे फिनलंडच्या सीएससी या संस्थेचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ऑफिसमध्ये ॲन्सिस असेल तर सॉलिड२२६ एलिमेंट १११ या पर्यायावर तिन्ही गणितं एकत्र करतं. अबॅकसमध्ये त्यासाठी क्यू३डी८ हे एलिमेंट आहे. कॉम्सॉलमध्ये ज्यूल हीटिंग आणि थर्मल एक्स्पान्शनचा तयार संच मिळतो. अटी सगळीकडे याच.

मटेरियलचे आकडे: वाहकता २० अंशांना ५.८ कोटी सीमेन्स प्रति मीटर, तापमानाप्रमाणे घटत जाणारी, उष्णतावाहकता ३९० वॅट प्रति मीटर केल्विन, घनता ८९६०, विशिष्ट उष्मा ३८५, यंग मॉड्युलस ११७ गिगापास्कल, पॉइसॉन गुणोत्तर ०.३४, प्रसरणांक वर दिलेला.

आकार मिमीमध्ये काढला असेल तर एल्मरमध्ये ‘कोऑर्डिनेट स्केलिंग’ ०.००१ द्यायला विसरू नका. विसरलात तर १ मीटरचा बार १ किलोमीटरचा होतो, क्षेत्रफळ दहा लाख पटीने वाढतं आणि रोध हजारपट कमी होतो. एकूण करंट दिला असेल तर मिलिव्होल्टच्या जागी मायक्रोव्होल्ट आणि करंटची घनता दिली असेल तर मिलिव्होल्टच्या जागी व्होल्ट दिसले की ही चूक झाली, असं समजा. म्हणूनच पहिला आकडा तापमानाचा नव्हे, व्होल्टेज ड्रॉपचा पाहायचा.

मेशवर फार वेळ घालवू नका. सरळ भागासाठी ५ मिमीचे षट्फलक पुरतात: लांबीत २००, रुंदीत १०, जाडीत २, मिळून ४०००. मात्र ते दुसऱ्या क्रमाचे घ्या. साधे चार टोकांचे चतुष्फलक वाकण्याला खोटा ताठरपणा देतात. तापमान बरोबर येतं आणि बाक चुकतो. बोल्टच्या भोकांभोवती १.५ ते २ मिमीपर्यंत बारीक करा. आतल्या धारदार कोपऱ्यावर करंटची घनता मेश बारीक करत जाल तशी वाढतच जाते, ती कधी स्थिर होत नाही. त्या एका बिंदूकडे लक्ष देऊ नका. एकूण वॅट स्थिर झाले का, एवढंच पाहा.

विद्युत अटी दोनच. एका टोकाला शून्य व्होल्ट. दुसऱ्या टोकाला करंटची घनता २० लाख अँपिअर प्रति चौरस मीटर, म्हणजे २ अँपिअर प्रति चौरस मिमी. शून्य व्होल्टची अट राहिली तर सोल्व्हरला उत्तरच ठरवता येत नाही. बाकीचे पृष्ठभाग मोकळे सोडा. तिथून करंट बाहेर जात नाही हे आपोआप धरलं जातं. सांगड घालण्यासाठी विद्युत सोल्व्हरमध्ये ‘कॅल्क्युलेट ज्यूल हीटिंग’ आणि बॉडी फोर्समध्ये ‘ज्यूल हीट’ ही दोन्ही बटणं चालू हवीत. दुसरं राहिलं तर बार ३५ अंशांवरच बसून राहतो. उष्णता हातानं द्यायची झाली तर एल्मरचा ‘हीट सोर्स’ वॅट प्रति किलो मागतो, प्रति घनमीटर नाही.

टोकांना तापमान बांधू नका

उष्णतेच्या अटींमध्ये चारही लांब पृष्ठभागांना ८ आणि ३०८.१५ द्यायचे. प्रश्न येतो दोन टोकांचा. अनेक जण तिथे ३५ अंश बांधून टाकतात, कारण टोक कशाला तरी जोडलेलं आहे आणि ते थंड असेल असं वाटतं. या बारमध्ये टोकाचा परिणाम आत किती जातो ते काढता येतं: उष्णतावाहकता गुणिले क्षेत्रफळ भागिले ०.९६, त्याचं वर्गमूळ. उत्तर ०.४५ मीटर. म्हणजे १ मीटरच्या बारचा मध्यही टोकापासून सुटलेला नाही. टोकांना ३५ बांधले तर मध्याचं तापमान ७९ ऐवजी ५१ येतं. तब्बल २८ अंशांची चूक, आणि तीही धोक्याच्या बाजूची.

बार दोन्हीकडे तसाच पुढे जात असेल तर टोकं उष्णतेसाठी बंद ठेवा, तिथे कुठलीच अट लिहू नका. ब्रेकरच्या किंवा रेक्टिफायरच्या टर्मिनलला जोडलेलं टोक असेल तर ते टर्मिनल स्वतः गरम असतं. मोजलेलं तापमान द्या, नाहीतर जोडलेला भाग मीटरभर तरी मॉडेलमध्ये घ्या.

पृष्ठभागाचा ८ हा आकडाही डोळे मिटून वापरू नका. सगळ्या मॉडेलमध्ये सर्वांत डळमळीत आकडा हाच आहे. चकचकीत तांब्याची उत्सर्जकता, म्हणजे प्रारणानं उष्णता सोडण्याची क्षमता, ०.१ च्या आत असते. काळपट पडलेल्याची ०.६ च्या आसपास जाते, मॅट काळ्या रंगाची ०.९. हाच बार काळा रंगवला तर वाढ ४४ वरून साधारण २५ अंशांवर येते, तांब्याचा एक ग्रॅमही न वाढवता. तीन फेजचे बार जवळजवळ असतील तर मात्र समोरासमोरच्या बाजू एकमेकांनाच उष्णता देतात आणि हा फायदा बराच कमी होतो.

फेऱ्यांगणिक तापमान चढतच गेलं तर दर वेळी दोष गणिती पद्धतीचा नसतो. या बारमध्ये करंट २६६० अँपिअरच्या आसपास गेला की रोधाची वाढ उष्णता बाहेर जाण्याच्या वेगाला गाठते आणि समतोल उरतच नाही. तशा करंटला सोल्व्हर न जुळणं हेच बरोबर उत्तर आहे.

सांधा

सरळ बार फारसा त्रास देत नाही. तापतो तो सांधा. ५० मिमी एकमेकांवर चढवलेल्या दोन पट्ट्यांमध्ये ०.१ मिमीचा पातळ थर घ्या आणि त्याला अशी वाहकता द्या की एकूण रोध मोजलेल्या आकड्याइतका येईल. सूत्र: जाडी भागिले (रोध गुणिले क्षेत्रफळ). ५ मायक्रोओहमसाठी ८००० सीमेन्स प्रति मीटर. रोध मायक्रोओहममीटरनं निदान १०० अँपिअर डीसी सोडून मोजावा.

५ मायक्रोओहमचा सांधा १००० अँपिअरला ५ वॅट देतो आणि आसपासच्या बारपेक्षा ढोबळमानाने ६ अंश जास्त तापतो. तोच सैल होऊन ५० मायक्रोओहमला गेला की ६० अंशांनी जास्त, म्हणजे १४० च्या घरात. मॉडेलमध्ये दोन पट्ट्या एकसंध जोडून टाकल्या तर सांधा उलट थंड दिसतो, कारण तिथे तांबं दुप्पट असतं. असं चित्र घेऊन कुणी आलं तर सांध्याचा रोध धरला आहे का, हे पहिलं विचारावं.

बार ॲल्युमिनियमचा असेल तर आणखी एक गोष्ट. त्याचा प्रसरणांक २३, स्टीलच्या बोल्टचा १२. तापताना पट्टी बोल्टपेक्षा जास्त फुगते, दाब वाढतो, मऊ ॲल्युमिनियम हळूहळू दबतं आणि थंड झाल्यावर बोल्ट ढिला पडतो. म्हणून बेलव्हिल वॉशर, म्हणजे स्प्रिंगसारखा दबून दाब टिकवणारा वाटीच्या आकाराचा वॉशर. हे चक्र मॉडेलमध्ये पकडायचं तर साधा लवचिक मटेरियल पुरत नाही.

प्रसरण: आधाराचा ताठरपणा सगळं ठरवतो

तापमानाकडून यांत्रिकीकडे सांगड एकेरी पुरते. मिलिमीटरभर लांबी वाढल्यानं करंटची वाट बदलत नाही, म्हणून यांत्रिकी सोल्व्हर शेवटी एकदाच चालवा. अपवाद सांध्यातल्या दाबाचा: दाबावर रोध अवलंबून ठेवणार असाल तर मात्र परत विद्युतकडे जावं लागेल.

पहिली चाचणी: एक टोक धरा, दुसरं सोडा. मोकळ्या टोकाचं सरकणं ०.९२ मिमी आणि स्ट्रेस जवळपास शून्य यायला हवा. टोकाच्या पृष्ठभागाला तिन्ही दिशांनी बांधलं तर पट्टीला रुंदीत फुगता येत नाही आणि कोपऱ्यांवर भलामोठा खोटा स्ट्रेस दिसतो. पृष्ठभागाला फक्त लांबीच्या दिशेनं बांधा. उरलेल्या सरकण्या-फिरण्यासाठी एक-दोन बिंदू पुरतात. अजिबात न बांधलेला बार मात्र मॅट्रिक्स सिंग्युलर करतो, म्हणजे समीकरणांना एक ठरावीक उत्तर उरत नाही.

दुसरी चाचणी: दोन्ही टोकं लांबीत घट्ट. रेषीय सोल्व्हर सांगतो स्ट्रेस १०८ मेगापास्कल, आधारावर बळ ५४ किलोन्यूटन, म्हणजे साडेपाच टन. बरेच अहवाल इथेच संपतात आणि हा आकडा प्रत्यक्षात कधीच गाठला जात नाही. १० मिमी जाडीची, दोन्ही टोकं पक्की असलेली १ मीटरची पट्टी ऑयलरच्या सूत्रानं १९.२ किलोन्यूटनलाच बाकते. तापमानाच्या भाषेत, जोडणीच्या तापमानापेक्षा फक्त १९ अंश वर. रेषीय सोल्व्हरला हे दिसतच नाही. त्याच्या लेखी पट्टी सरळ राहून दाब सोसत राहते.

म्हणून तिसरी चाचणी कॅल्क्युलिक्समध्ये, एनएलजिऑम (मोठा बाक धरणारं अरेषीय गणित) चालू ठेवून. इथे मिमी, न्यूटन, मेगापास्कल अशी एककं वापरा: मॉड्युलस ११७०००. सुरुवातीचं तापमान २५ आणि अखेरचं ७९.३ द्या, पायऱ्या १५ ते २०. पट्टी अगदी सरळ असेल तर गणित सरळच राहील; तेव्हा मध्यावर १ मिमीचा मूळ बाक द्या किंवा आधी बकलिंगचा (दाबानं बाक येण्याचा) पहिला आकार काढून तो वापरा. उत्तराचा कागदी अंदाज असा: १९ अंशांपलीकडचं ०.५९ मिमी प्रसरण आडव्या बाकात जातं आणि मध्यावर पट्टी १५ मिमीच्या आसपास बाहेर येते. अर्ध्या मिलिमीटरचे पंधरा. दोन ध्रुवांमधलं किंवा दोन फेजमधलं हवेचं अंतर ठरवताना हाच आकडा लागतो. शिवाय वाकण्यामुळे कडेचा स्ट्रेस २०० मेगापास्कलच्या वर जातो. ॲनील केलेलं (तापवून मऊ केलेलं) तांबं त्याच्या कितीतरी आधी कायमचं वाकतं. तेव्हा या टप्प्यावर प्लॅस्टिसिटी (कायमचं वाकणं) धरा, नाहीतर निदान लवचिक गणिताची मर्यादा संपली, असं अहवालात नमूद करा.

आता प्रत्यक्षाकडे. कुठलाच आधार असा पोलादी भिंतीसारखा नसतो. बारची स्वतःची ताठरता मिमीमागे ५८.५ किलोन्यूटन. समजा प्रत्येक टोकाचा ब्रॅकेट आणि इन्सुलेटर मिळून मिमीमागे ५ किलोन्यूटन देतो. तिन्ही ओळीनं जोडले की बळ येतं २.२ किलोन्यूटन, ५४ चा जेमतेम पंचविसावा भाग, आणि बकलिंगपासून बरंच दूर. त्यामुळे यांत्रिकी मॉडेलमध्ये टोकाला पक्की अट न लावता स्प्रिंग लावा आणि ताठरता इन्सुलेटर व ब्रॅकेटचं छोटं वेगळं मॉडेल करून किंवा वजन टांगून मोजून घ्या. मग २.२ किलोन्यूटन तो इन्सुलेटर आडव्या दिशेनं सोसेल का, हा खरा प्रश्न समोर येतो. सोसत नसेल तर एका आधारावर लांबट भोक किंवा मधे लवचिक जोड. ६ मीटरच्या सलग बारला साडेपाच मिमी सामावून घेणारा जोड लागेल.

एसी असेल तर

५० हर्ट्झला तांब्यातली त्वचा-खोली, म्हणजे एसी करंट पृष्ठभागापासून मुख्यतः जितक्या खोलीत वाहतो ती, २० अंशांना ९.३ मिमी, ८० अंशांना १०.४. ५० × १० च्या पट्टीत करंट कडांकडे सरकतो आणि उष्णता डीसीपेक्षा वाढते. शेजारचा फेज जवळ असेल तर आणखी. वर वापरलेला साधा विद्युत सोल्व्हर हे दाखवत नाही. एल्मरचा हार्मोनिक मॅग्नेटोडायनॅमिक सोल्व्हर (बदलत्या चुंबकीय क्षेत्राचं गणित करणारा) वापरून मिळालेली उष्णता पुढे द्या. त्यासाठी बारभोवतीची हवाही मेशमध्ये घ्यावी लागते आणि बारच्या जाडीत किमान चार एलिमेंट हवेत.

मोजमापाशी जुळवणी

काळाचा अंदाज आधी घ्या. या बारचा टाइम कॉन्स्टंट (एकूण वाढीच्या सुमारे ६३ टक्के व्हायला लागणारा वेळ) सुमारे ३५ मिनिटं आहे, त्यामुळे स्थिर तापमानासाठी अडीच ते तीन तास करंट चालू ठेवावा लागतो. आयईसी ६१४३९ या स्विचबोर्डच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तापमानवाढ चाचणीत तासाला १ केल्विनपेक्षा कमी बदल झाला की तापमान स्थिर मानतात. तोच निकष ठेवा. अर्ध्या तासात घेतलेल्या नोंदींशी स्थिर मॉडेल जुळवू नका.

इन्फ्रारेड कॅमेरा चकचकीत तांब्यावर खूप कमी तापमान दाखवतो, कारण त्याला बारपेक्षा खोलीचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. मोजायच्या जागी मॅट काळी टेप लावा किंवा थर्मोकपल बांधा.

जुळवताना क्रम पाळा. प्रथम मिलिव्होल्ट: सरळ भागावर आणि सांध्यावर वेगवेगळे. ते जुळले नाहीत तर करंट, क्षेत्रफळ किंवा सांध्याचा रोध चुकला आहे. पृष्ठभागाच्या आकड्याला हात लावू नका. ते जुळले, मग तापमान: फरक उरला तर उत्सर्जकता आणि आतल्या हवेचं तापमान तपासा. सरकणं डायल गेजनं सर्वांत शेवटी मोजा, आणि गेजचा स्टँड पॅनेलच्या चौकटीवर नव्हे तर बाहेर जमिनीवर ठेवा. चौकटही तापते आणि ०.९२ मिमीतला काही भाग तीच गिळते.